अर्ली म्युझिकच्या मेळ्यातला एक दिवस: हौशी वादकांसाठी मार्गदर्शन

अर्ली म्युझिकच्या मेळ्याच्या दालनात पाऊल टाकले की सर्वांत आधी जाणवतो तो गोंगाट. एका कोपऱ्यात कोणी हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या कीबोर्ड वाद्यावर बोटे फिरवत असते, शेजारी तिघे जण तीन रेकॉर्डरवर, म्हणजे सरळ धरायच्या लाकडी बासऱ्यांवर, तीन निरनिराळ्या धुना वाजवून पाहत असतात, त्यांच्या मागे कोणी ल्यूट या गिटारसारख्या जुन्या तंतुवाद्याच्या तारा जुळवत बसलेले असते, आणि या सर्वांची पट्टीही एक नसते. वाद्य पारखण्यासाठी याहून गैरसोयीची जागा शोधून सापडायची नाही. तरीही मध्ययुगापासून साधारण १७५० पर्यंतच्या युरोपीय संगीतासाठी लागणारी वाद्ये, ती हातांनी घडवणारे कारागीर, जुन्या स्वरलिपींच्या प्रती आणि हे सारे हौसेने वाजवणारी माणसे एकाच छताखाली भेटण्याची जागाही हीच असते. दिवसाची आखणी या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून करावी.

पहिली खबरदारी तारखेची. असे मेळे बहुधा एखाद्या मोठ्या संगीत महोत्सवाला जोडून भरतात. बॉस्टनचा अर्ली म्युझिक महोत्सव, उदाहरणार्थ, १९८१ पासून दर दोन वर्षांनी, विषम साली, जून महिन्यात होतो. मात्र महोत्सव आठवडाभर चालला तरी वाद्यांचे प्रदर्शन त्यातील मोजकेच दिवस खुले असते, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहून घ्यावे. जमल्यास प्रदर्शन उघडण्याच्या वेळी दारात हजर असावे. पहिल्या तासात गर्दी कमी असते, कारागीर ताजेतवाने असतात आणि वाद्येही सुरात असतात. दुपारपर्यंत माणसांच्या वावराने दालन तापते, हवेतील ओलावा बदलतो, आणि तातेच्या (जनावरांच्या आतड्यांच्या) तारा लावलेली वाद्ये उतरू किंवा चढू लागतात. त्यामुळे ज्या वाद्याकडे खरोखर लक्ष द्यायचे आहे ते सकाळीच वाजवून पाहावे; पुस्तके व स्वरलिपी यांच्यासाठी दुपार पुरेशी असते.

सोबत नेण्याचे सामान थोडेच असावे. स्वतःचे वाद्य, मऊ सुती कापड, पेन्सिल, लहान वही, घडीचा स्टँड आणि फोनमध्ये सूर मोजणारे एखादे अ‍ॅप, ज्यात मूळ स्वराची कंपनसंख्या बदलता येते, एवढे पुरते. ल्यूट किंवा गांबा (गजाने वाजवायचे जुने तंतुवाद्य) हाताळण्याचा विचार असेल तर मोठे बक्कल असलेला पट्टा आणि धातूची बटणे असलेले जाकीट घरीच ठेवावे. ल्यूटची फुगीर पाठ पातळ लाकडी पट्ट्यांची असते आणि तिच्यावर उठलेला ओरखडा कारागीर हसून सोडून देईल अशी अपेक्षा धरू नये. अंगठ्या, घड्याळ आणि बांगड्याही टेबलाजवळ जाण्याआधी काढून ठेवाव्यात.

आता पट्टीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण हौशी वादकाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते. आजच्या वाद्यवृंदात मधला ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर लावला जातो. जुन्या काळी असा एकच दंडक नव्हता. गावागणिक, किंबहुना चर्चगणिक पट्टी बदलत असे. आजच्या वादकांनी सोयीसाठी काही आकडे ठरवून घेतले आहेत: बरोक (साधारण १६०० ते १७५० च्या) संगीतासाठी ४१५, म्हणजे आजच्या पट्टीहून सुमारे अर्धा सूर खाली, फ्रेंच बरोकसाठी बरेचदा ३९२, म्हणजे पूर्ण एक सूर खाली, आणि सोळाव्या-सतराव्या शतकातील इटालियन सुषिरवाद्यांसाठी ४६५ च्या आसपास, म्हणजे अर्धा सूर वर. मेळ्यातील टेबलावर एकसारखे दिसणारे दोन आल्टो (मधल्या आकाराचे) रेकॉर्डर या कारणाने एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो आहे. माझ्या पहिल्याच मेळ्यात मी बॉक्सवूड या लाकडाच्या एका आल्टोच्या प्रेमात पडलो. त्याचा खालचा सूर इतका भरीव आणि गोल होता की कारागिराने दोनदा सांगितलेला आकडा माझ्या कानात शिरलाच नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या गटात बसून मी पहिला एफ वाजवला आणि तो इतरांच्या ई ला जाऊन मिळाला. वाद्यात काहीच खोट नव्हती. ते ४१५ चे होते आणि आमचा गट ४४० वर वाजवत होता. ते वाद्य मी अजून वापरतो, पण एकट्याने. म्हणून आपण कोणाबरोबर वाजवतो आणि त्यांची पट्टी कोणती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच दालनात शिरावे.

टेबलापाशी गेल्यावर वाद्याला हात लावण्यापूर्वी विचारावे, ही साधी रीत आहे. फुंकून वाजवायच्या वाद्यांबाबत तर ती आवश्यकच आहे, कारण काही कारागीर प्रत्येक वादकानंतर मुखभाग पुसून घेतात आणि काहींना ठरावीक वाद्यच वाजवू द्यायचे असते. शेजारच्या टेबलावर कोणी वाजवत असेल तर त्याचे संपेपर्यंत थांबावे. आपण किती वेगाने वाजवू शकतो हे दाखवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. त्यातून वाद्याची काहीच माहिती मिळत नाही, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाची वेळ मात्र वाया जाते.

रेकॉर्डरचीच पारख नीट पाहू, कारण मेळ्याला येणाऱ्या हौशी वादकांच्या हातात बहुधा तोच असतो. (हे वाद्य म्हणजे सरळ धरून वाजवायची, पुढे सात आणि मागे अंगठ्यासाठी एक भोक असलेली लाकडी बासरी, आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्राशी तिचा संबंध नाही, असे मला घरच्यांना आजही सांगावे लागते.) वाद्य थंड असताना फुंकू नये. वरचा भाग दोन-तीन मिनिटे तळहातांत किंवा काखेत धरून ऊबदार करावा, नाहीतर श्वासातील वाफ अरुंद वायुमार्गात पाणी होऊन जमते आणि आवाज घोगरा होतो. मग एकही धून न वाजवता खालचा सूर अगदी हळू श्वासाने सुरू करावा आणि लांबवत न्यावा. चांगले वाद्य तो सूर कुरकुर न करता उचलते. श्वास थोडा वाढवत न्यावा आणि सूर कोठे फुटतो ते पाहावे. त्यानंतर तोच स्वर एक सप्तक वर घेऊन दोघांत अंतर पडते का ते ऐकावे, वरच्या टोकाचे स्वर हलक्या जिभेने लागतात का ते तपासावे, आणि अखेरीस आपल्या पाठ असलेल्या एकाच छोट्या धुनेच्या आठ-दहा ओळी वाजवाव्यात. ही धून दिवसभर बदलू नये. प्रत्येक टेबलावर निराळे काही वाजवले तर संध्याकाळी आठवणीत वाद्ये उरत नाहीत, धुनाच उरतात.

आपण वाजवताना वाद्याचा आवाज आपल्या हाडांतूनही कानापर्यंत पोहोचतो, म्हणून सोबत्याला चार-पाच पावलांवर उभे करून त्याचे मत घ्यावे, आणि मग त्याला वाजवायला लावून आपण ऐकावे. दोन वाद्यांवर निवड येऊन ठेपली की कारागिराला शांत जागेविषयी विचारावे. बहुतेक मेळ्यांत वाद्य वाजवून पाहण्यासाठी एखादी स्वतंत्र खोली ठेवलेली असते, आणि तसे नसल्यास जिन्याखालची किंवा ओसरीवरची जागाही दालनापेक्षा बरी.

विचारायचे प्रश्नही आधी ठरवून ठेवावेत. हे वाद्य कोणत्या मूळ वाद्यावरून केले आहे, हा पहिला प्रश्न. लंडनचा ब्रेसां किंवा न्यूरेंबर्गचा डेनर या जुन्या कारागिरांच्या वाद्यांवरून आजचे कितीतरी रेकॉर्डर घडवले जातात आणि त्यांचे स्वभाव एकमेकांपासून भिन्न असतात. पट्टी कोणती, लाकूड कोणते, बोटांची मांडणी जर्मन पद्धतीची की बरोक पद्धतीची, वर्षभर वाजवल्यावर सूर पुन्हा बारकाईने दुरुस्त करून मिळतील का, आणि आज मागणी नोंदवल्यास वाद्य केव्हा हाती येईल, हे पुढचे प्रश्न. नामवंत कारागिरांकडे थांबावे लागते, कधी महिनोन् महिने, कधी त्याहूनही अधिक. किमतीची घासाघीस मात्र करू नये. एकट्या माणसाने हातांनी केलेल्या कामाला ती शोभत नाही आणि तिचा उपयोगही होत नाही.

खरेदीचा विचार नसलेल्या वाद्यांपाशीही थांबावे, किंबहुना दिवसाची खरी मजा तेथेच असते. गिटार वाजवणाऱ्याने ल्यूट जरूर हातात घ्यावे. प्रबोधनकाळातील सहा जोड्यांच्या ल्यूटमधील तारांची अंतरे गिटारपासून फार दूर नाहीत: गिटारची तिसरी तार जी वरून एफ शार्पवर उतरवली की तीच अंतरे मिळतात, आणि तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सर्व तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावला की नेहमीच्या जी ल्यूटची पट्टीही मिळते. घरी हा प्रयोग करून आलेल्या माणसाला मेळ्यातील ल्यूटवर पाच मिनिटांत काहीतरी वाजवता येते. नखे मात्र कापलेली असावीत, कारण जोडीच्या दोन्ही तारा बोटाच्या मांसल टोकाने एकत्र छेडायच्या असतात. व्हायोला दा गांबा पायांच्या मध्ये धरतात, तिला गळ्याभोवती बांधलेले पडदे असतात आणि गज तळवा वर ठेवून धरावा लागतो. चेलो वाजवणाऱ्याचा हात सुरुवातीला या उलट्या पकडीला हटकून नकार देतो. क्रमहॉर्न हे छडीच्या मुठीसारखे वाकडे वाद्य कोणालाही पहिल्या फुंकेत बोलते, पण त्याचा आवाका जेमतेम नऊ स्वरांचा असतो आणि श्वास जोरात घातला तर आवाज न वाढता केवळ सूर बिघडतो. कॉर्नेटो, म्हणजे तुतारीसारखे ओठांनी फुंकायचे लाकडी वाद्य, याच्या अगदी उलट आहे. तासभर झगडूनही त्यातून नीट आवाज निघाला नाही तर वाईट वाटून घेऊ नये. हार्प्सिकॉर्डवर बोटाखालची पट्टी जोरात दाबण्यात अर्थ नसतो, कारण तार छेडली जाते, ठोकली जात नाही, आणि आवाज किती मोठा येईल हे बोटाच्या जोरावर जवळजवळ ठरतच नाही. क्लॅव्हिकॉर्ड हा छोटा कीबोर्ड इतका हळू बोलतो की गजबजलेल्या दालनात तो ऐकूच येत नाही; त्यासाठी कान लाकडाशी नेण्याची लाज बाळगू नये.

स्वरलिपींच्या टेबलावर उतावळेपणाने पिशवी भरली जाते. प्रत उचलण्यापूर्वी ती सर्व भागांची एकत्रित आहे की प्रत्येक भागाची स्वतंत्र पुस्तिका आहे, हे पाहावे. मूळ छपाईच्या हुबेहूब प्रती मोहक असतात, परंतु सोळाव्या शतकातील पुस्तिकांत मात्रांचे दंड नसतात आणि सी क्लेफ (ओळींवर सी स्वराची जागा दाखवणारी खूण) सर्रास असतो. त्या वाचण्याची सवय नसेल तर आधुनिक लिपीतील आवृत्ती आधी घ्यावी. इंग्लंडमध्ये छापलेल्या प्रतीवर ट्रेबल रेकॉर्डर असे लिहिले असेल तर तो आपला आल्टोच समजावा.

दिवसात किमान एक सामूहिक वादनसत्र गाठावे. त्यात अनोळखी माणसांबरोबर, पूर्वी न पाहिलेली चार-पाच भागांची रचना समोर ठेवून थेट वाजवायचे असते. वाट चुकली तर वाजवणे थांबवून मोजत राहावे आणि पुढच्या ठळक विरामाला पुन्हा शिरावे. मध्येच अंदाजाने घुसल्यास शेजारचाही गोंधळतो. अशा सत्रातच एक गोष्ट कानाला कळते जी पुस्तकातून कळत नाही. पियानोवरील मेजर थर्ड (सा ते शुद्ध ग एवढे अंतर) ४०० सेंटचा असतो (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), शुद्ध मेजर थर्ड मात्र सुमारे ३८६ सेंटचा. शेवटच्या मिश्रस्वरात ज्याच्याकडे हा मधला स्वर असेल त्याने श्वास किंचित हलका करून तो एवढासा खाली आणला की सगळा मिश्रस्वर एकदम स्थिर होतो आणि कोणीच वाजवत नसलेला एक खालचा गुंजारव कानात उमटतो. आमच्या सत्रात तो उमटला तेव्हा बास वाजवणाऱ्या बाईंनी वाद्य न काढताच भुवया उंचावल्या आणि पाचही जणांनी तो स्वर श्वास संपेपर्यंत धरून ठेवला.

खरेदीचा निर्णय या सत्रानंतरच घ्यावा, कारण इतरांबरोबर वाजवल्यावर आपल्याला नेमके काय कमी पडते ते कळते आणि सकाळचे प्रेम बरेचदा ओसरते. शक्य असल्यास वाद्य काही दिवस घरी नेऊन पाहण्याची परवानगी मागावी. सीमा ओलांडून घरी जायचे असेल तर लाकडाचे नाव पावतीवर लिहून घ्यावे: शिसवीच्या बहुतेक जातींपासून केलेल्या तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार करारातील परवान्याची सक्ती नाही, पण ब्राझीलच्या शिसवीला ही सूट नाही आणि हस्तिदंत बसवलेल्या जुन्या वाद्याचा मार्गही खडतर असतो.

नवा लाकडी रेकॉर्डर घरी आला की पहिले दोन आठवडे तो रोज दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वाजवू नये, म्हणजे लाकूड ओलाव्याला सावकाश सरावते. वाजवून झाल्यावर आतून पुसावा आणि पेटीत बंद न करता काही वेळ उघड्यावर सुकू द्यावा. या दिवसांत कोणता सूर चढतो किंवा उतरतो याची नोंद वहीत ठेवावी, कारण वर्षभराने वाद्य दुरुस्तीसाठी परत पाठवताना कारागीर नेमके हेच विचारतो.