जुनी गाडी सेल्फच घेत नाहीये? नवी बॅटरी आणायच्या आधी हे करून बघा

सकाळी चावी फिरवली आणि गाडी ढिम्म, किंवा फार तर एक "टक" आवाज आला आणि संपलं. आपण लगेच म्हणतो गाडी स्टार्ट होत नाही, पण गॅरेजवाल्याला फोन करताना नीट सांगा की सेल्फ (चावी फिरवल्यावर इंजिन फिरवणारी मोटर) घेत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन घुर्र घुर्र फिरतंय पण धरत नाही तर पेट्रोल, प्लग, कॉइल असलं काहीतरी असतं आणि त्याचा रस्ता वेगळा. इथे मी फक्त इंजिन फिरतच नाही किंवा कसंबसं अर्धा फेरा फिरून थांबतं त्याबद्दल लिहितोय.

आमच्याकडे १९९७ ची मारुती ८०० आहे, बाबांनी घेतलेली, कार्बोरेटरवाली, अजून रोज चालते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिने हेच सुरू केलं, कधी पटकन घ्यायची कधी नुसती टक. गॅरेजमध्ये सांगितलं बॅटरी गेली, बदलली, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ खोलला, नवे कार्बन (मोटरला आत करंट देणारे घासते तुकडे) टाकले, बुश (दांडा फिरतो ती कडी) टाकले, आठवडाभर बरी चालली आणि परत तेच. शेवटी एका वयस्कर इलेक्ट्रिशियनकडे नेली, त्यांनी काहीच खोललं नाही, जंप केबलची एकच वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं आणि म्हणाले मारा आता सेल्फ. पहिल्या झटक्यात इंजिन फिरलं. दोष इंजिनकडे जाणाऱ्या काळ्या अर्थच्या वायरमध्ये होता. बाहेरून ती धडधाकट दिसत होती, पण थिंबलपाशी (टोकाच्या बोल्टवर बसणाऱ्या कडीपाशी) वाकवली तर आतून हिरवी भुकटी गळली आणि तांब्याच्या तारा एकेक करून तुटत गेल्या, शाबूत अशा सात-आठच उरल्या होत्या. बाबा ती वायर हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते. म्हणून कळकळीने सांगतो, जुन्या गाडीत पार्ट जाण्याआधी जोड जातात, तपासणी जोडांपासून सुरू करा.

आधी सुरक्षितपणा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आहे ना हे हलवून बघा, कारण बहुतेक जुन्या गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागण्याची सोय नसते आणि गिअरमध्ये सेल्फ लागला तर गाडी समोरच्या माणसावर उडी मारते. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, बॅटरीजवळ विडी-सिगरेट नको, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका.

आता कान द्या. कोणालातरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून उभे राहा. टर्रर्रर्र असा भराभर टकटक आवाज आला तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल खराब असतं. एकच जाड "ठक" आणि मग शांतता, तर सेल्फवरचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) उचलतोय पण मोटर फिरत नाहीये, त्यात अर्थिंग, जाड वायर, सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा कार्बन यापैकी काहीतरी. सर्रर्र करून मोटर नुसतीच फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही तर बेंडिक्स (मोटरचा फेरा इंजिनला देणारा सेल्फचा दातेरी भाग) घसरतंय किंवा अडकलंय, तिथे सेल्फ उतरवण्याशिवाय इलाज नाही. आणि अगदी काहीच आवाज नाही तर करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये.

हेडलाइट लावून समोरच्या भिंतीवर उजेड पाडा आणि चावी फिरवा. उजेड पूर्ण विझला तर टर्मिनल लूज आहे नाहीतर बॅटरी मेलेली. उजेड मंद होऊन बसला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम होऊन खूप करंट ओढतोय. उजेडात काही फरकच पडला नाही तर इग्निशन स्विच, सोलेनॉइडची बारीक वायर किंवा खुद्द सोलेनॉइड. याला एक पैसा लागत नाही आणि अर्ध्या शंका इथेच मिटतात.

पुढचं काम टर्मिनल. दोन्ही क्लँप हाताने पिरगळून बघा, हाताने फिरतोय म्हणजे तो लूज आहे, मग वरून कितीही चकचकीत दिसू दे. पांढरी-हिरवी बुरशीसारखी खार साठली असेल तर दहा नंबरचा पाना घेऊन आधी मायनस काढा, मग प्लस. हा क्रम उगाच नाही, प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी पडते. गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून खारीवर ओता, फेस येईल, बॅटरीला झाकणं असतील तर आत पाणी जाऊ देऊ नका. कोरडं करून पॉलिश पेपरने बॅटरीचा खुंट आणि क्लँपची आतली बाजू लख्ख घासा, लोक बाहेरून घासतात आणि आतला काळा थर तसाच ठेवतात, करंट तर तिथूनच जातो. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस, घट्ट करून वरून व्हॅसलिन.

मग बॅटरी मोजा. साधा मल्टिमीटर फार महाग नसतो, जुनी गाडी आहे तर घरात असावाच. गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण नुसत्या उभ्या व्होल्टवर विश्वास ठेवू नका, मीटर लावलेला ठेवून सेल्फ मारा. त्यावेळी आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा, चार्ज करूनही तसंच होत असेल तर ती गेली. झाकणवाली बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा आणि कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, नळाचं नको. गाडी चालू झाल्यावरही एकदा मोजा, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवं, तेवढं नाही आलं तर आधी अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) दाखवा कारण नवी बॅटरीही महिन्याभरात अशीच उतरेल.

लोक नेहमी म्हणतात लाइट तर झकास लागतायत, हॉर्न वाजतोय, मग बॅटरी-वायरिंगमध्ये काय दोष असणार. इथेच माझा दोन वेळा चुकीचा खर्च झाला म्हणून जरा सविस्तर सांगतो. साठ-साठ वॅटचे दोन हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर घेतात, सेल्फ मात्र छोट्या गाडीतही १०० अँपिअरच्या आसपास ओढतो, कधी त्याहून जास्त. आता समजा जाड वायरच्या एखाद्या जोडात ०.०२ ओहम इतकाच अडथळा तयार झालाय. लाइटच्या करंटला तो ०.२ व्होल्ट खाईल, तुमच्या डोळ्याला कळणारही नाही. सेल्फच्या करंटला तोच जोड २ व्होल्ट खातो, आणि आधीच दहा-साडेदहावर आलेल्या बॅटरीतले दोन गेले की मोटरला फिरायला काही उरत नाही.

हे पकडायचं कसं, तर मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर (क्लँपवर नाही, खुंटावरच) आणि दुसरं इंजिनच्या रंग नसलेल्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ पर्यंत ठीक, अर्धा व्होल्ट किंवा वर गेलं तर अर्थिंग खराब. तसंच प्लसच्या खुंटापासून सेल्फवरच्या जाड नटपर्यंत, तिथे अर्धा व्होल्टच्या आत हवं. फक्त लक्षात घ्या, सेल्फने करंट ओढलाच नाही तर आकडा शून्य येतो, म्हणजे वायर चांगली असं होत नाही. मीटर नसेल तर त्या इलेक्ट्रिशियन काकांसारखी जंप केबल मायनसपासून इंजिनला लावून बघा. अर्थची वायर बदलताना बोल्टखालचा रंग आणि गंज घासून काढा, नाहीतर नवी वायरही गंजावरच बसेल.

आता समजा बॅटरी चांगली, जोड चांगले, तरी चावीला काहीच आवाज नाही. सेल्फ मोटर इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे असते, तिच्यावर छोटा डबा असतो तो सोलेनॉइड. त्याला दोन जाड बोल्ट, एकावर बॅटरीची वायर येते, दुसऱ्यावरून मोटरच्या आत जाते, आणि शेजारी एक बारीक वायर असते जी चावीकडून येते. ती आधी ओढून बघा, कितीतरी वेळा पिनच निसटलेली असते किंवा पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेली असते. पिन ठीक असेल तर ती काढून बॅटरीच्या प्लसवरून एक वायर त्या पिनला क्षणभर टेकवा. पुन्हा सांगतो, न्यूट्रल, हँडब्रेक, चावी बंद, आणि पंख्या-बेल्टपासून हात लांब. इंजिन फिरलं तर सेल्फ ठणठणीत आहे आणि दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा मधल्या वायरिंगमध्ये. बाहेरून बसवलेला सायरनवाला सिक्युरिटी लॉक असेल तर त्याच्यावर आधी संशय घ्या, त्यातले बरेचसे चावी ते सेल्फ ही वायर तोडून मध्ये रिले (थोड्या करंटने चालणारा इलेक्ट्रिक स्विच) टाकतात आणि दहा वर्षांनी तोच रिले दगा देतो.

स्विचचे आतले पॉइंट झिजले की बारीक वायरवर व्होल्ट कमी पोचतात आणि गाडी कधी घेते कधी नाही. चावी फिरवलेली असताना त्या वायरवर मोजा, बॅटरीपेक्षा दीड व्होल्टच्या वर कमी आलं तर स्विच बदला किंवा चार पायांचा साधा रिले टाकून घ्या. रिलेच्या पायांवर नंबर असतात, चावीची वायर ८६ ला, ८५ अर्थला, ३० वर फ्यूजमधून बॅटरीचा प्लस, ८७ वरून सोलेनॉइडची पिन. स्विचवरचा लोड जातो आणि सोलेनॉइडला पूर्ण करंट मिळतो. जुन्या गाडीत मी हा रिले टाकाच म्हणेन.

थेट वायर देऊनही नुसता ठक आवाज, तर सेल्फचं पोट खराब. रस्त्यात अडकला असाल तर एकाने चावी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने सेल्फच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलकेच दोन-तीन ठोके द्यायचे, अडकलेले कार्बन बऱ्याचदा बसतात आणि गाडी घेते. जोरात ठोकू नका, काही सेल्फमध्ये आत मॅग्नेट असतात ते तडकतात. आणि एकदा ठोकून चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही, त्याच आठवड्यात कार्बन बदला. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं तरी कार्बन-बुश अजून सहज मिळतात, पूर्ण नवा सेल्फ घ्यायची घाई नको. कधीकधी पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या चक्राच्या) दातात अडकून बसतं, तेव्हा चावी बंद करून टॉप गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि गाडी ढकलून पुढे-मागे हलवा, खट्ट करून सुटतं.

तशी हलवतानाही गाडी अजिबात सरकत नसेल, चाकंच अडल्यासारखी वाटत असतील, तर इंजिन जाम आहे, तिथे थांबा. आणि गाडी पाण्यात बुडालेली असेल तर यातलं काहीही करू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, अशा वेळी पाणी ओसरल्यावर चालू होते का बघू म्हणून चावी फिरवायचा मोह होतोच. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या साफसफाईचं काम इंजिनच्या कामावर जातं. बॅटरी सोडवा, टो करून न्या, प्लग काढूनच इंजिन फिरवायला सांगा.

घरी पोचायचंच असेल आणि फक्त बॅटरी उतरली असेल तर धक्का स्टार्ट, चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकला, वेग आला की क्लच सोडा आणि धरलं की लगेच पुन्हा दाबा. बॅटरीत डॅशबोर्डचा लाल दिवा लागण्याइतकाही जीव नसेल तर स्पार्कच मिळत नाही आणि धक्क्याचा उपयोग होत नाही. ऑटोमॅटिकला हे करू नका. जंप केबल असेल तर लाल आधी आपल्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला, काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोबर उलटं.

बॅटरी चांगली असून दर दोन-तीन दिवसांनी उतरत असेल तर काहीतरी रात्रभर करंट खातंय. पाच वॅटचा आतला दिवा सुद्धा दिवसाला १० एएच (अँपिअर-तास) खातो, मारुतीची बॅटरी ३५ एएचची, चौथ्या दिवशी खलास. सगळं बंद करून मायनस क्लँप काढा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून क्लँप आणि खुंटाच्या मध्ये जोडा, फक्त मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ०.०५ अँपिअरच्या वर आकडा आला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा खाली पडेल त्या लाइनवर चोर आहे, आणि फ्यूज काढून सापडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर आणि नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम बघा. आमच्या गाडीत तो म्युझिक सिस्टिमच निघाला होता, त्याची लाल वायर फ्यूजबॉक्स टाळून थेट बॅटरीला जोडून ठेवलेली होती.