नडगीवरचा सेन्सर पावलं चुकवत होता

एक्सोस्केलेटनच्या (पायावर बांधायचा, मोटरनं चालायला मदत करणारा सांगाडा) प्रोजेक्टसाठी नडगीवर एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर बांधून मित्राला रंकाळ्यावर चालवलं. सावकाश चालला की सगळं बरोबर. जरा झपाझप निघाला की टाच टेकल्याचा क्षणच चुकायचा. (मोटर जोडली नव्हती, नाहीतर गडी तोंडावर आपटला असता.) दोन दिवस सिग्नल साफ करणाऱ्या फिल्टरलाच शिव्या घातल्या. मग आलेख मोठा करून बघितला, तर पाय पुढं झुलतानाचं शिखर २५० अंश प्रति सेकंदाला सपाट, सुरीनं कापल्यागत. जायरोची, म्हणजे सेन्सरमधल्या फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागाची, मूळ रेंजच तेवढी! ती १००० केली आणि सेन्सरच्या कच्च्या आकड्याचे अंश प्रति सेकंद करायचा भागाकार १३१ ऐवजी ३२.८ नं. पट्टाही घट्ट आवळला. आता शिखरानंतरचा खड्डा, म्हणजे टाच टेकली, भरभर चालतानाही नीट सापडतो. चढ बाकी आहे, रविवारी पन्हाळा.