अंदमानला निघताय? मग बॅगेआधी कॅलेंडर काढा

अंदमानची तयारी म्हटलं की सगळे टोपी, गॉगल आणि स्विमिंग कॉस्च्युमपासून सुरुवात करतात, पण दोनदा जाऊन आल्यावर मी आता सगळ्यांना हेच सांगते की आधी भिंतीवरचं तिथीवालं कॅलेंडर काढा. कारण तिथलं निम्मं बघणं समुद्राच्या वेळेवर चालतं. नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, तो दगडाचा नैसर्गिक पूल आहे ना, तिथे ओहोटी असेल तरच नीट चालत जाता येतं, भरतीला गेलात तर लांबून फोटो काढून परत. आणि त्याच बेटावरच्या भरतपूर बीचवर उलटं, पूर्ण ओहोटीला पाणी इतकं कमी होतं की काचेच्या तळाची बोट घालता येत नाही. आमच्या रत्नागिरीकडे जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, तो हिशोब तिथे लावू नका हं, तो आपल्या किनाऱ्याचा आहे, अंदमानच्या वेळा वेगळ्या. पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल नेटवर मिळतं, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि नीलचा दिवस त्याप्रमाणे लावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं म्हणजे ओहोटीही जास्त खोल जाते, तेव्हा पुलाजवळची खळगी छान उघडी पडतात. त्यातही निवड असेल तर अमावास्येची निवडा, कारण हॅवलॉकला (स्वराज द्वीप) रात्री कयाकमधून पाण्यातला तो निळसर उजेड बघायचा असेल तर चंद्र नको असतो, वल्हं मारलं की पाणी चमकतं, माझ्या मुलीने हात बुडवला आणि ती काही वेळ बोललीच नाही.

दुसरी गोष्ट घड्याळ. अंदमान मुंबईपेक्षा जवळपास २० रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेपाचला काळोख. जेवून जरा आडवं होऊन साडेचारला बीचवर जाऊ असं आपल्याकडच्या सवयीने ठरवलंत तर हातात अर्धा तास उरतो. हॅवलॉकचा राधानगर बीच पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्यास्त तिथलाच बघायचा, पण तीनलाच पोचा म्हणजे पोहणं पण होईल. आणि सकाळी पाच-साडेपाचला उजाडतं म्हणून मुलांना रात्री नऊला झोपवायची सवय निघायच्या आधीच आठवडाभर लावा, आम्ही लावली होती, फार उपयोग झाला.

जायचं कधी तर जानेवारी ते एप्रिल सगळ्यात बरं. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही जातात लोक पण तेव्हा बंगालच्या उपसागरात वादळांचा मोसम असतो, आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात तिथे पाऊस आपल्या आधीच पोचतो, त्यामुळे मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी महिन्याच्या सुरुवातीला उरकून घ्यावं. शेवटचा एक दिवस पोर्ट ब्लेअरला मोकळा ठेवाच ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. पहिल्या वेळी आम्ही हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने यायचं आणि दुपारच्या विमानाने निघायचं असं ठरवलं होतं, समुद्र खवळला, बोट रद्द, चार विमानांची तिकिटं गेली आणि आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आलेल्या. बोट रद्द होणं यात कोणाची चूक नाही, समुद्र आहे तो. पण गोळ्या पाच दिवस जास्तीच्या घ्यायला हव्या होत्या, तुम्ही घ्या, आणि त्या हातातल्या बॅगेत ठेवा.

बोटींचं म्हणाल तर खाजगी बोटी दीड तासात हॅवलॉकला नेतात, सरकारी बोट साधारण अडीच तास घेते, स्वस्त पडते आणि डेकवर उभं राहून वारा खाता येतो, खाजगीत बहुतेक बंद एसी केबिन. डिसेंबरच्या सुट्टीत दोन्हीचं बुकिंग आधी करा. तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे, मुलांचंही, आणि सगळ्यांच्या आयडीच्या दोन-दोन झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. बोट लागते अशा माणसांनी डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. सोबत आलेपाक घ्या, आमच्या बाबांचं तर सगळं त्याच्यावर निभावलं.

आता बॅग. जीन्स नको, जाड सुती कपडे पण कमीच, हवेत इतका दमटपणा असतो की टॉवेल दुसऱ्या दिवशीपर्यंत ओलाच. पातळ, लवकर सुकणारे कपडे, पोहायला पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट (पाठ भाजत नाही आणि सनस्क्रीनही कमी लागतं, ते प्रवाळासाठी पण चांगलं, सनस्क्रीन घ्याल ते ऑक्सिबेन्झोन नसलेलं घ्या), पाण्यात घालायचे ग्रिपचे बूट, कारण किनाऱ्यावर मेलेल्या प्रवाळाचे तुकडे असतात आणि ते पाय चिरतात, चपला पाण्यात निसटतात. मोबाइलसाठी ड्राय बॅग. स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या, माणशी एक. वंडूरहून जॉली बॉय बेटावर जायचं असेल तर प्लास्टिक नेऊच देत नाहीत, ते १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. मला हा नियम फार आवडला, तिथलं पाणी बघितलंत की तुम्हालाही पटेल. सकाळ-संध्याकाळ वाळूत बारीक माश्या चावतात, दिसत नाहीत पण नंतर आठवडाभर खाज, म्हणून बीचवर बसताना चटई, पायाला खोबरेल तेल, आणि कॅलामाइन लोशन. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेट खूप सुधारलंय पण छोट्या बेटांवर कधी जातं त्याचा भरवसा नाही, आणि नेट गेलं की यूपीआय पण गेलं. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर लायसन्स आणि हेल्मेट घालायची तयारी.

स्कूबा करणार असाल तर तयारी शरीराची. पोहता येत नसलं तरी चालतं, पहिल्या डाइव्हला माणूस तुम्हाला धरूनच असतो, १२ मीटरच्या खाली नेत नाहीत आणि मुलाचं वय निदान १० हवं. पण फॉर्मवर दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचं काही असेल ते खरं खरं लिहा, पैसे भरलेत म्हणून लपवू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी करूच नका, कानातला दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होते. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायचा सराव घरीच करा. मिशा मोठ्या असतील तर मास्कमधून पाणी शिरतं, जरा बारीक करून जा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते बुकिंग करतानाच विचारा, नाहीतर खाली जाऊन सगळं धूसर. आणि डाइव्हनंतर २४ तास विमानात बसायचं नाही, म्हणून स्कूबा सहलीच्या सुरुवातीला, शेवटी नाही.

पोहण्याबद्दल एकच पण गंभीरपणे. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीचं तोंड, कांदळवन, ओढा समुद्राला मिळतो ती जागा, इथे गुडघाभर पाण्यातही उतरू नका, राधानगरच्या एका टोकाला २०१० साली एक परदेशी पर्यटक बाई मगरीच्या हल्ल्यात गेलीय. लाइफगार्ड जिथे पोहू देतात तिथेच पोहा, बोर्ड वाचा, अंधार पडल्यावर पाण्यात नको. घाबरून समुद्र सोडून बसा असं नाही म्हणत, आम्ही रोज पोहलो.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांसाठी पहाटे तीनला निघून जिरकाटांगच्या गेटवर गाड्यांच्या ताफ्यात लागावं लागतं आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. मी नाही गेले. गाडीच्या काचेतून माणसं बघायला जायचं हे मनाला पटेना. जाणार असाल तर मोबाइल आत, फोटो काढणं गुन्हा आहे, खायला काही फेकायचं नाही, आणि मुलांना हे आधी घरी बसून समजावून सांगा.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, बोर्डांवर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. सेल्युलर जेलला आई-बाबांना घेऊन जाणार असाल, आणि आपल्याकडची म्हातारी माणसं बहुतेक त्याच्यासाठीच येतात, तर सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे हे लक्षात ठेवून गुडघ्याचा पट्टा घ्या आणि सकाळी उन्हाआधी जा. १९११ ते १९२१ ते तिथे होते, मोठे भाऊ बाबाराव त्यांच्याही आधीपासून. मूळ सात इमारतींतल्या तीनच उरल्यात. संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोचं तिकीट आधी काढा. आम्ही गेलो तेव्हा जेल सोमवारी आणि रॉस बेट बुधवारी बंद होतं, तेव्हा वार बघून ठरवा. घरात जुनी लाल वीसची नोट सापडली तर पाकिटात टाका, तिच्या मागचं नारळाच्या झाडांचं चित्र पोर्ट ब्लेअरहून दिसणाऱ्या नॉर्थ बेचं आहे, नव्या नोटेवर आपलं वेरूळ आलंय, मुलांना दोन्ही नोटा शेजारी धरून दाखवल्या तर फार मजा वाटते त्यांना.

आणि परत निघायच्या आदल्या रात्री मुलांचे खिसे, सॅकचे कप्पे, बुटांचे तळ सगळं उलटं करून झटका. प्रवाळाचा तुकडा उचलणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर स्कॅनमध्ये तो पकडला जातो. आमच्याकडे धाकट्याच्या मोज्यात दोन निघाले, रात्री नऊला हॉटेलसमोरच्या किनाऱ्यावर जाऊन त्याच्याच हाताने परत पाण्यात सोडले.