गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत सोलापूरला येताय? ही तयारी करून या

‘सोलापुरात कसली आलीय थंडी’ असं म्हणत पुण्या-मुंबईची मंडळी डिसेंबरात नुसत्या टी-शर्टवर येतात आणि पहाटे स्टेशनाबाहेर रिक्षात बसल्या बसल्या कुडकुडायला लागतात. म्हणून सुरुवात कपड्यांपासून करू. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे दिवस आणि रात्र यांत फार अंतर पडतं. पहाटे पारा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या लाटेत त्याहूनही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी दोनला तीस अंशांचं ऊन डोक्यावर असतं. जाड जॅकेट दुपारी हातात घेऊन हिंडावं लागतं. त्यापेक्षा सुती शर्ट, त्यावर पातळ स्वेटर आणि वर एक शाल असं एकावर एक घालून या, म्हणजे ऊन चढेल तसं उतरवता येईल. कानटोपी आणि उन्हाची टोपी दोन्ही लागतात. ओठांना आणि टाचांना लावायला व्हॅसलीन किंवा साजूक तूप ठेवा, कोरड्या हवेने दोन दिवसांत कातडी फुटते. रस्त्यावर धूळ आहे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क आणि आपला पंप हाताशी, खिशात ठेवावा, बॅगेच्या तळाशी नको.

दिवसाची आखणीही या हवेप्रमाणेच करा. सकाळी दहापर्यंत उघड्यावर, दुपारी छपराखाली, पाचनंतर पुन्हा बाहेर. एवढं पाळलंत तर सोलापूरचा हिवाळा लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही सोसतो. भर दुपारी भुईकोट किल्ल्याच्या दगडी तटावर पोरांना चढवायचं आणि संध्याकाळी मॉलमध्ये बसायचं, हा उलटा क्रम मला बघवत नाही.

तारखा सगळ्यांत आधी ठरवा. डिसेंबर ते फेब्रुवारीपर्यंत कधीही या, पण खरं सोलापूर बघायचं असेल तर संक्रांतीचा आठवडा धरा. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यांची यात्रा तेव्हा असते, तिलाच आपण गड्डा म्हणतो. भोगीच्या आदल्या दिवशी शहरातल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक, म्हणजे यण्णीमज्जन. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, संक्रांतीला होम मैदानावर होमप्रदीपन, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे समारोपाचा वस्त्रविसर्जनाचा विधी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे याच सिद्धेश्वरांशी, लग्न करायचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, अशी कथा आहे. तो विवाह दरवर्षी अक्षता सोहळ्यात लागतो. मिरवणुकीतले सात नंदीध्वज हे त्या योगदंडाचंच रूप.

नंदीध्वज पाहायचे असतील तर तयारी थोडी जास्त लागते. उंचच उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून पांढऱ्या बाराबंदीतला माणूस चालतो, पुढचा तयारच असतो, आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा गजर उठतो. गर्दीत मागे उभं राहून काठीचं टोक तेवढं दिसेल. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून मिरवणूक निघते, तेव्हा वाटेवर कुणाच्या ओळखीचं घर किंवा गच्ची असेल तर आधीच विचारून ठेवा. सोलापूरकर नाही म्हणत नाहीत, पण आयत्या वेळी दहा माणसं घेऊन दारात उभं राहू नये. अक्षता सोहळ्याला दुपारच्या आधीच जागा धरावी लागते. तेव्हा पाण्याची बाटली, टोपी आणि खिशात मूठभर अक्षता असू द्या. अक्षता आपण घरून नेल्या तर लग्नाला गेल्यासारखं वाटतं, आणि लग्नच तर असतं ते. मिरवणुकीच्या दिवशी मध्यवर्ती रस्ते वाहनांना बंद असतात. गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा, चामड्याच्या नव्या चपला नको, वापरून रुळलेले बूट बरे. तान्ह्या बाळाला दारूकामाच्या रात्री मैदानावर नेऊ नका, आवाज फार असतो. घराच्या गच्चीवरूनही छान दिसतं.

होम मैदानावरचा बाजार मात्र पुढेही बरेच दिवस चालतो. मुख्य विधींची गर्दी ओसरली की पाळण्यांना रांग कमी असते, तेव्हाच मुलांना न्या. सुटे पैसे घ्या. प्रत्येक खेळाला, प्रत्येक भज्यांच्या गाड्यावर मोबाइलने पैसे देत बसलं की गर्दीत नेटवर्कच मिळत नाही. लहान मुलांच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालायची पद्धत आमच्या घरी अजून आहे, आणि ती सोडू नये असं मला वाटतं. विजापूर रोडला रेवणसिद्धेश्वर मंदिराच्या भागात याच दिवसांत जनावरांचा बाजार भरतो. शेतीशी संबंध सुटलेल्या घरातल्या मुलांना खिलार बैल जवळून दाखवायची ही चांगली संधी आहे, फक्त बैलांच्या मागून फिरू देऊ नका.

संक्रांत चौदाला आली की यण्णीमज्जनाचा दिवस १२ जानेवारीला येतो. हा सोलापूरचा हुतात्मा दिनही आहे. १९३० च्या मे महिन्यात इथे उठाव झाला, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्या दिवशी शहरात असाल तर हुतात्मा चौकात चार पुतळ्यांपुढे फूल वाहायला वेळ काढा. यादीत हे लिहूनच ठेवा, कारण गड्ड्याच्या धांदलीत राहून जातं आणि मग मनाला लागतं.

आता दुपारचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये याच गावात जन्मले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. तास-दीड तास पुरतो. तिथे जाण्याआधी मुलांना त्यांची गोष्ट घरीच सांगा, नाहीतर मुलं काचेच्या कपाटांसमोरून नुसती पळत जातात. केगावचं विज्ञान केंद्र पुणे रस्त्याला आहे, आत हात लावून करून बघायचे प्रयोग आणि बाहेर विज्ञान उद्यान. शाळांच्या सहली हिवाळ्यातच येतात, म्हणून शक्य तो सहलींच्या वेळा चुकवा आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. मोठ्यांसाठी हुतात्मा स्मृती मंदिरातली नाटकं आणि हिराचंद नेमचंद वाचनालयातली व्याख्यानं. स्थानिक वर्तमानपत्राचं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर सकाळी चहाबरोबर वाचायची सवय लावून घ्या. सोलापुरात काय चाललंय ते मोबाइलपेक्षा त्यातच आधी कळतं.

सकाळसाठी जवळची जागा म्हणजे सिद्धेश्वर तलाव आणि शेजारचा भुईकोट. बहामनी काळातला हा किल्ला, तटाभोवती खंदक, आत बाग. किल्ल्यातून तलावाकाठी आलं की पाण्यातलं मंदिर समोर असतं. पक्ष्यांची आवड असेल तर विजापूर रोडचा संभाजी तलाव, जुने लोक त्याला अजून कंबर तलाव म्हणतात, आणि तुळजापूर रोडचा हिप्परग्याचा तलाव. दोन्हीकडे उजाडताच पोचा. दुर्बीण हवीच. कपडे मातकट किंवा हिरवट घाला, लाल-पिवळं नको.

थोडं लांब जायचं तर नान्नज. बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटरवर माळढोक अभयारण्य आहे, १९७९ सालचं. माळढोक आता इतके कमी उरलेत की तो दिसेलच असं मुलांना सांगून नेऊ नका, त्यांचा हिरमोड होतो आणि ते उरलेला माळही नीट बघत नाहीत. काळविटांचे कळप दिसतात, नशिबात असलं तर लांडगा, आणि थंडीत लांबून आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून उडताना दिसतात. वनखात्याच्या माणसाशी आधी बोलून घ्या, वाटाड्या बरोबर घ्या. पाणी, बिस्किटं घरून न्या, आणि प्लास्टिकचा एक कागदही तिथे टाकू नका. हे मी आग्रहाने सांगते, कारण हा माळ गेला तर सोलापूरची ओळख सांगणारं बरंच काही जाईल.

दक्षिणेला हत्तरसंग कुडल आहे, भीमा आणि सीनेचा संगम. ३५९ शिवमुखं कोरलेलं बहुमुखी लिंग आणि शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख तिथे आहे. लेख अंधाऱ्या जागी वाचायचा म्हणून छोटी टॉर्च घ्या. वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ त्यात आहे, मुलांकडून अक्षर-अक्षर लावून घ्या. नळदुर्गाला मात्र पावसाळ्यातला धबधबा डोक्यात ठेवून येऊ नका. हिवाळ्यात पाणी कमी, पण किल्ला मोठा, उन्हात चालणं निवांत आणि आदिलशाही काळातला पाणी महाल आतून नीट बघता येतो. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करायचं असेल तर शनिवार-रविवार, पौर्णिमा आणि एकादशी टाळून वार निवडा.

खाण्याची तयारी म्हणजे मुख्यतः भूक राखून ठेवणं. हुरडा डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत मिळतो, ज्वारीची कणसं दुधात असतात तेवढेच दिवस. चांगल्या शेतांवर आधी सांगून ठेवावं लागतं, शनिवार-रविवारी तर आठ दिवस आधी. गुळभेंडी की सुरती ते विचारा. गुळभेंडीचा दाणा गोड आणि सहज सुटतो. आगटीत गोवऱ्यांवर कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि शेंगाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही यांबरोबर खायचं. अंगाला धूर लागतो, जुने सुती कपडे घाला. आगटीजवळ लोंबती ओढणी आणि सिंथेटिक शाल नको. बसायला सतरंजी, हात पुसायला पंचा, पोटासाठी ताक. लहान मुलांना कणसं चोळायला शिकवा, चटका बसेल म्हणून लांब ठेवू नका. थोडं निवलेलं कणीस त्यांच्या हातात द्या. सकाळची वेळ सर्वांत चांगली, भर दुपारी उन्हात बसून हुरडा जड होतो.

भोगीच्या दिवशी कुणाच्या तरी घरी जेवायची सोय करा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, गाजर-वांगं-घेवडा-पावटा-हरभऱ्याची भोगीची भाजी हे हॉटेलात खायचं जेवण नव्हे. दुसऱ्या दिवशी शेंगापोळी. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ते यजमानांना पहिल्याच फोनवर सांगा, कारण आपल्याकडे चटणीपासून आमटीपर्यंत कूट पडतोच आणि पाहुण्याला अडचण नको म्हणून गृहिणी ऐन वेळी धावपळ करते. तिखटाचंही तसंच, आधी सांगितलेलं बरं.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर आणखी एक. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी येण्याचा दिवस विचारून त्या बेताने या, आणि दहा माणसांनी सकाळी भरभरून गरम पाण्याने आंघोळी करायच्या आधी घरातल्यांचा विचार करा. हे विचारणं पाहुणचाराचा अपमान नाही. माझ्या आईला असा फोन आला की तिला उलट बरं वाटतं. पांघरुणाची मात्र काळजी नको, कुणाकडेही दोन चादरी जादा असतात.

तिकिटं आजच काढा. मुंबईची सिद्धेश्वर एक्सप्रेस संक्रांतीच्या आठवड्यात फार लवकर भरते. पुण्याहून हुतात्मा, आणि फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारतही आहे. परतीचंही त्याच वेळी आरक्षण करा, किंक्रांतीनंतर सगळं गाव एकदम निघतं.

येताना बॅगेचा एक कोपरा रिकामा ठेवा. चादर घ्यायची तर शहराच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या कारखान्यांकडून घ्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि जॅकार्ड मागावर विणलेली खरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका बाजूचे रंग दुसऱ्या बाजूला उलटलेले दिसतात. हातात घेऊन वजन बघा, कडेला विणलेलं नाव बघा, दोन-तीन दुकानं फिरा. विणकरांच्या कित्येक पिढ्यांचं काम आहे ते, रस्त्यावरच्या स्वस्त नकलेपेक्षा त्याला चार पैसे जास्त द्यावेत. पहिल्या धुण्यात बाकी कपड्यांबरोबर भिजवू नका. शेंगाचटणी घट्ट झाकणाच्या डब्यात, तिचं तेल सुटतं. कडक भाकरी पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी रचा आणि ते खोकं सामानात सर्वांत वर ठेवा.