पेटंटची विक्री एका क्रियापदावर अडली, ती कशी सुटली

किंमत ठरली होती, पण खरेदीदाराच्या वकिलाने कागद परत पाठवले. पेटंट कंपनीच्या मालकीचं आहे, हे सिद्धच होत नव्हतं. संशोधकाच्या नोकरीच्या करारात ‘हक्क हस्तांतरित करीन’ एवढंच होतं. हे झालं वचन. ‘याद्वारे हस्तांतरित करतो’ असं लिहिलं तरच मालकी बदलते. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि औषध कंपनी रोश यांच्यातल्या, २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेल्या खटल्यात स्टॅनफर्डला हाच फरक भोवला.

म्हणून प्रत्येक संशोधकाकडून नवं असाइनमेंट, म्हणजे मालकी हस्तांतराचा करार, घेतलं. त्यात पेटंट क्रमांक, शीर्षक आणि नावाचं स्पेलिंग अक्षरशः पेटंटवर आहे तसंच. मागच्या उल्लंघनाची भरपाई मागण्याचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत लिहा, नाहीतर तो विक्रेत्याकडेच राहण्याचा धोका असतो. मग पेटंट कार्यालयात नोंद. पेटंट ज्या ज्या देशात, तिथे स्वतंत्र. बँकेचा बोजा उतरवल्याचा कागद आणि नूतनीकरण शुल्काच्या पावत्याही जोडल्या. नूतनीकरणाचा एक हप्ता चुकला तरी पेटंट रद्द होऊ शकतं.

आधी दिलेली लायसन्स लपवू नका. ती सहसा पेटंटसोबतच नव्या मालकाकडे जातात, म्हणजे त्यालाही ती पाळावी लागतात.

पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्या पक्षाच्या ताब्यातल्या खात्यात, ठेवले; मालकीची नोंद झाल्यावरच सुटले. खरेदीदार बिचकत असेल, तर आधी किमान रॉयल्टी ठरवून फक्त त्यालाच वापराचा हक्क देणारं (एक्सक्लुझिव्ह) लायसन्स द्यावं आणि ठरल्या किमतीला विकत घेण्याचा पर्याय ठेवावा. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचीच असते, त्यामुळे कागदपत्रांत गेलेला प्रत्येक महिना किमतीतून जातो.