लॉगमधल्या वेळा जुळत नव्हत्या, असं जमवलं

सरकारी सुरक्षा खात्यात आयटी टीम सांभाळतो, कुठलं ते विचारू नका. नेटवर्क इंटरनेटपासून पूर्ण तोडलेलं, त्यामुळे प्रत्येक मशीनचं घड्याळ आपल्याच तालात. एकच लॉगिन फायरवॉलच्या लॉगमध्ये (मशीन आपोआप ठेवते त्या नोंदींत) ११:०७ ला, सर्व्हरच्या लॉगमध्ये ११:०३ ला, मग नेटवर्कवाले सर्व्हरवाल्यांवर ढकलणार, ते यांच्यावर, आणि साहेब माझ्याकडे बघणार. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश म्हणतो एनआयसी (सरकारचं आयटी केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी घड्याळं जुळवा, पण बाहेरची लाइनच नाही तर जुळवणार कशी?

शेवटी गच्चीवर जीपीएस अँटेना लावून (उपग्रहांकडून अचूक वेळ मिळते) आतच एनटीपी सर्व्हर, म्हणजे बाकी मशीनना वेळ पुरवणारा सर्व्हर, उभा केला (परवानगीची फाइलच जास्त दिवस फिरली). त्याच्यावरून पीडीसी एम्युलेटर (विंडोज डोमेनमधला वेळ ठरवणारा मुख्य सर्व्हर) वेळ घेतो, डोमेनमधले बाकी पीसी त्याच्यामागे. स्विच, फायरवॉल, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर यांच्यात एनटीपी सर्व्हरचा आयपी पत्ता हाताने टाकला.

तरी काही व्हीएम (एकाच मशीनवर चालणारे आभासी संगणक) भरकटतच होत्या. खरी गोम तिथेच, होस्ट, म्हणजे त्या ज्याच्यावर चालतात ते मशीन, मधूनमधून स्वतःची वेळ त्यांच्यावर लादत होता, ते टाइम सिंक बंद केलं आणि गाडी रुळावर आली.

आता ड्युटीवरचा पोरगा रोज सकाळी ऑफसेट (घड्याळांतला फरक) बघून रजिस्टरात लिहितो. टीमने आधी नाकं मुरडली, पण ऑडिटवाल्यांनी पहिलं तेच रजिस्टर मागितलं.