गोष्ट लिहायची आहे ना, मग भोपळ्यातली म्हातारी पुन्हा एकदा वाचा

कथा लिहायला बसलं की बहुतेक जण शेवटी धक्का काय द्यायचा याचाच विचार करत बसतात, आणि मला वाटते तिथंच सगळं अडते. जुन्या गोष्टी बरोबर उलटं करतात. धोका काय आहे ते आधीच सांगून मोकळ्या होतात, मग आपण तो येईपर्यंत जीव मुठीत धरून ऐकतो.

म्हातारीचंच पाहा. लेकीकडे जाताना वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, ती प्रत्येकाला सांगते की लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा. संपलं, जंगलात तिची उधारी झाली. आता लेकीकडे ती कितीही आरामात तूप खात असली तरी आपल्याला चैन नाही, कारण परतीचा रस्ता तोच आहे हे आपल्याला माहीत आहे. आणि तिला किती भीती वाटली यावर गोष्टीत एक ओळ नाही, भोपळ्यात बसून ती टुणूक टुणूक निघते एवढंच, तरी भीती बरोबर पोचते.

सिंड्रेलाचे बाराचे टोलेही तेच काम करतात. फ्रेंच लेखक पेरोच्या 1697 च्या कथेत परी आधीच बजावते की मध्यरात्रीच्या पुढे थांबायचं नाही, म्हणून तो नाच आपल्याला निवांत पाहताच येत नाही.

आता तुम्ही करून पाहा. समजा एक पोरगी काटोलहून संत्री घेऊन नागपूरच्या कळमना मार्केटला निघाली, वाटेत टेम्पोवाला, टायरवाला आणि चहावाली तिघांनाही म्हणते की येताना पैसे देते. मार्केटमध्ये भाव पडलेला. बस, गोष्ट उभी राहिली, आता परतीला ती तिघांना कशी तोंड देते तेवढं लिहायचं. तिन्ही वेळा तेच संवाद ठेवले तरी चालते बरं का, उलट ठेवाच, पण तिसऱ्या वेळी काहीतरी फिरलं पाहिजे, नाहीतर वाचणारा दुसऱ्यालाच पान उलटवते. तिचं मन, तिचे विचार सध्या बाजूला राहू द्या, रिकामं कॅरेट आणि हातातल्या नोटा दाखवा.

मग हे एखाद्या लहान पोराला तोंडी सांगा. जिथं ते "मग?" विचारत नाही तिथं खूण करा आणि तेवढा भाग पुन्हा लिहा, आणि याचा अजिबात कंटाळा करू नका, जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम भावांनी 1812 च्या पहिल्या आवृत्तीपासून 1857 च्या सातव्यापर्यंत आपल्या गोष्टी बदलतच नेल्या, हॅन्सेल-ग्रेटेल या भावंडांची सख्खी आई तर 1840 च्या चौथ्या आवृत्तीत सावत्र झाली. पात्राचं नातं एका शब्दानं बदललं आणि त्यानं गोष्ट सुधारत असेल तर बिनधास्त बदला.